तिकिटाला हात एकदाच

अगं, अण्णांचे टपाल तिकिटांचे अल्बम तुझ्या घरी पोचले, स्कॅनरही आला, आणि तू म्हणतेस, "दोन रविवारांत उरकते, आत्या." उरकशील हो. कोणत्या वर्षाचे रविवार, ते मी विचारत नाही. स्कॅनर आपलं काम मिनिटाभरात करतो. वेळ खातं ते तिकीट काढणं, मांडणं, परत जागेवर घालणं आणि "हे झालं होतं का?" म्हणून पुन्हा काढणं. म्हणून खाली जे जे सांगते आहे त्याचा रोख एकच आहे: या कामासाठी एका तिकिटाला एकदाच हात लागावा. हात कमी, हयात जास्त.

१. आधी अल्बमची पानं जशी आहेत तशी स्कॅन कर, एकही तिकीट न काढता — अण्णांनी कशाशेजारी काय लावलं आणि खाली पेन्सिलीने काय खरडलं, ते एकदा मोडलं की पुन्हा जुळत नाही.

२. पानांना क्रमांक नसतील तर मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने घाल — बाहेर पडलेल्या तिकिटाला घरचा पत्ता हवा. शाईचं पेन त्या खोलीतच आणू नकोस.

३. दोन ढीग कर, साधी आणि चांगली. साधी पानापानाने उरकायची, चांगली सुटी घ्यायची — सगळ्यांना सारखा मान द्यायला गेलीस तर दुसऱ्या अल्बमलाच कंटाळशील, आणि तिकिटाचे दात तुटतात ते कंटाळलेल्या हातांनीच.

४. सुरुवात साध्या ढिगापासून — हात बसेपर्यंत जे काही बिघडायचं ते स्वस्तातलं बिघडू दे.

५. डिंक असलेली कोरी तिकिटं दिवाळीनंतर घे — ठाण्याच्या जुलैत डिंक आपणहून ओलसर होतो आणि कोमट काचेवर दाबला की तिथेच ठाण मांडतो. धुतलेल्या, शिक्का पडलेल्या तिकिटांना डिंकच नसतो, पावसाळा त्यांच्यासाठी ठेव.

६. तिकिटं मांडलेली असेपर्यंत पंखा बंद, आणि झाकण तळहातावर पेलत हळू खाली आण — धाडकन पडलेल्या झाकणाचा वारा मांडलेलं सगळं पान विस्कटून टाकतो. उकडतं, मान्य आहे. पण पंखा चालू, पसारा चालू.

७. चिमटा चपट्या, गुळगुळीत टोकांचा घे, तिकिटांसाठी वेगळा मिळतो तोच — भुवयांच्या चिमट्याला धार असते, आणि तू तोच वापरते आहेस हे मला इथे नाशिकला बसून दिसतंय.

८. काच पुसताना द्रव कापडावर घे, काचेवर कधीच नाही — कडेने आत झिरपलेला थेंब काचेच्या खालच्या अंगाला डाग धरतो, आणि तिथे आपला हात पोचत नाही.

९. वरून कागद ओढून घेणाऱ्या फीडरला तिकिटाचं, पाकिटाचं, अल्बमच्या पानाचं तोंडही दाखवू नकोस — त्याचे रोलर ऑफिसच्या कागदांसाठी असतात, त्यांना दया नाही.

१०. मांडलेल्या तिकिटांवर काळं, न चमकणारं कार्डशीट ठेव आणि मग झाकण लाव — झाकणाच्या पांढऱ्या पाठीवर तिकिटाची पांढरी कड हरवते. काळ्यावर दात न् दात दिसतो आणि एका स्कॅनमधून तिकिटं आपोआप वेगळी कापणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कड सापडते. त्यासाठी दोन तिकिटांत बोटभर अंतर मात्र सोड.

आता तुझ्या स्कॅनरबद्दल. पातळ, हलका, यूएसबीच्याच विजेवर चालणारा म्हणजे तो सीआयएस जातीचा. त्याला काचेला टेकलेलं तेवढं स्वच्छ दिसतं, जरा वर उचललेलं धूसर येतं. जाडजूड सीसीडी स्कॅनरला थोडी खोली दिसते, म्हणून प्लॅस्टिकच्या माउंटमधली तिकिटं आणि फुगलेली पाकिटं त्यावर बरी येतात. कुणाकडे धूळ खात पडलेला जुना सीसीडी असला तर मागून आण. कंपनीने सॉफ्टवेअर देणं बंद केलं असलं तरी व्ह्यूस्कॅनवर असे पुष्कळ जुने स्कॅनर चालतात.

११. साध्या पानांना ३०० डीपीआय, सुट्या तिकिटांना ६००, मौल्यवान किंवा संशयितांना १२०० — आकडा दुप्पट केलास की फाइल चौपट होते. ए-फोर आकाराचा पूर्ण रंगीत स्कॅन ३०० ला सुमारे २६ एमबी, ६०० ला १०४ आणि १२०० ला चारशेच्या वर जातो. सगळंच १२०० ने करायला निघालीस तर लॅपटॉप माहेरी जाईल.

१२. खोक्यावर कितीही मोठा आकडा असू दे, "ऑप्टिकल" या शब्दाशेजारचाच खरा मान — त्यापुढचे ठिपके स्कॅनर मनाने भरतो.

१३. मूळ स्कॅनचा आकार कधी लहानमोठा करू नकोस — तिकिटाचे दात २ सेंटिमीटरमागे किती, असे मोजतात, आणि ६०० डीपीआयला २ सेंटिमीटर म्हणजे ४७२ पिक्सेल. मग १४ की १४½ हा वाद पडद्यावरच मिटतो, तिकिटाला उठवावं लागत नाही.

१४. रंगसुधारणा, धारदारपणा, धूळ काढणं, जे जे "ऑटो" असेल ते बंद कर — धूळ काढणारं सॉफ्टवेअर छपाईतला दुर्मीळ ठिपकाही धूळ समजून पुसतं, आणि आपण ज्या ठिपक्यासाठी तिकीट जपलं तोच जातो.

१५. प्रत्येक स्कॅनच्या एका कोपऱ्यात तीच करड्या रंगाची पट्टी ठेव — उद्या स्कॅनर बदललास तरी दोन निळ्यांतला फरक तिकिटाचा की यंत्राचा, ते पट्टी सांगेल.

१६. १५ ऑगस्ट १९४८ चा गांधीजींचा चार तिकिटांचा संच सुटा, १२०० ला घे, दहा रुपयांचं तर नक्कीच — ही तिकिटं स्वित्झर्लंडच्या कुर्वाझिए छापखान्यात फोटोग्रॅव्ह्युअरने छापलेली आहेत. त्या छपाईची जाळी आणि ऑफसेटवर केलेल्या नकलेचे ठिपके एवढ्या रेझोल्यूशनला वेगळे ओळखू येतात.

१७. चांगल्या ढिगातल्या प्रत्येक तिकिटाची पाठही घे, त्याच क्रमाने, त्याच बैठकीत — हिंजचा, म्हणजे तिकीट अल्बमला लावायच्या चिकटपट्टीचा डाग, कागद पातळ झालेली जागा, केलेली डागडुजी, सगळी पाठीवर असते. पंचम जॉर्जची तिकिटं लंडनची की आमच्या नाशिकची, हेही तिथेच कळतं: लंडनच्या छपाईत वॉटरमार्कचा एकच मोठा तारा, नाशिकला १९२६ पासून छापलेल्यांत बारीक ताऱ्यांची नक्षी. काळं कार्ड मागे असलं की हे तारे कधीकधी स्कॅनमध्येही उमटतात. नाही उमटले तर वॉटरमार्कचं द्रव वापर, पण तिकीट पूर्ण सुकल्याशिवाय काचेवर नको.

१८. उठावाचा छाप असलेली जुनी सरकारी पाकिटं दोनदा स्कॅन कर, एकदा सरळ आणि एकदा आडवी — उजेड एका दिशेने पडतो, म्हणून एका स्कॅनमध्ये बुडालेला उठाव दुसऱ्यात वर येतो. १८५२ चं, असंच उठावाचं सिंध डाकचं तिकीट सापडलं तर स्कॅनर राहू दे, आधी मला फोन कर.

१९. गोव्याची १८७१ पासूनची पोर्तुगीज अमदानीतली सुरुवातीची तिकिटं घाईत ढिगात ढकलू नकोस. दोन्ही बाजू १२०० ला — ती तिथेच, गावठी पद्धतीने छापलेली आहेत, आणि प्रकार ओळखायचे ते केसाएवढ्या फरकांवरून. हा कप्पा शेवटी घे, सवडीने. अण्णांचा जीव यात होता.

२०. २००६ चं चंदनाच्या वासाचं आणि २०११ चं खादीवर छापलेलं गांधीजींचं तिकीट झाकणाखाली दाबू नकोस — एकाचा वास घासण्याने उडतो, दुसऱ्याचं कापड चेपतं. वास येतो का म्हणून नखाने खरवडूनही बघायचं नाही; तुला ओळखते म्हणून सांगते.

२१. पाकिटावरचं तिकीट पाकिटावरच राहू दे, आणि पाकीट दोन्ही बाजूंनी घे — मागचे पोचल्याचे शिक्के पत्राचा प्रवास सांगतात. तिकीट भिजवून सुटं केलंस की तो प्रवास गेला.

२२. तिकिटं काचेवरून उचलण्याआधी स्कॅन शंभर टक्के मोठा करून चारही कोपरे बघ — धूसर आलंय हे आत्ता कळलं तर बटण पुन्हा दाबायचं, महिन्याने कळलं तर अल्बम पुन्हा उघडायचा. सगळ्या यादीतला एकच कानमंत्र पाळणार असशील तर हा पाळ.

२३. काचेवरचा घाणा परत जागेवर गेल्याशिवाय पुढचा काढू नकोस — दोन घाणे टेबलावर एकत्र आले की त्यांची सोयरीक जुळते.

२४. फाइलचं नाव त्याच दिवशी दे, इंग्रजी अक्षरांत, देश-वर्ष-क्रमांक, शेवटी पुढची बाजू की मागची. क्रमांक ००१ पासून — आधीची शून्यं नसली तर काही ठिकाणी १० हा २ च्या आधी जाऊन बसतो.

२५. बाकीची माहिती नावात कोंबू नकोस, एक्सेलमध्ये लिही: कॅटलॉग क्रमांक, दात, वॉटरमार्क, अवस्था, अल्बम आणि पान — नाव ओळखीपुरतं, कुंडली वेगळी.

२६. मूळ प्रत टिफमध्ये, पाठवायची जेपेगमध्ये — जेपेग दरवेळी उघडून, बदलून, साठवली की थोडी झिजते. टिफला ही खोड नाही.

२७. बाहेर कुणाला दाखवायचं तर लहान आकाराची प्रत दे आणि पाकिटांवरचे पत्ते झाक — मोठी स्वच्छ प्रत उचलून "माझ्याकडे आहे, घ्या" म्हणणारे लोक असतात, आणि अण्णांच्या पत्रमित्रांची नातवंडं अजून त्याच पत्त्यांवर राहत असतील.

२८. सगळ्याच्या तीन प्रती ठेव: एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरात — आग, चोरी आणि फुटलेली पाण्याची टाकी घर बघून येतात, फाइल बघून नाही. तिसरी प्रत माझ्याकडे दे. डिस्क कुरियरने नको पाठवू, दिवाळीला येशील तेव्हा हातात आण, आणि एक्सेलची यादी त्यातच टाक. विसरशील, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.