आपण रचिलेला मार्ग आणि त्यावरील वाटसरू

व्हिडिओ गेम खेळणें आमच्या विद्यार्थ्यांस नवें नाहीं. परंतु त्यांतील खड्डे, पायऱ्या व शत्रू स्वतः मांडून दुसऱ्यांसाठीं नवा मार्ग रचतां येतो, हें पुष्कळ पालकांस ठाऊक नसेल. आमच्या परिचयाच्या एका मुलानें दिवाळीच्या सुटींत 'सुपर मारिओ मेकर २' या खेळांत असा मार्ग रचिला. महिना लोटला तरी चारपांच जणांपलीकडे तिकडे कोणी फिरकलें नाहीं, आणि त्यांतील एकहि शेवटास पोहोंचला नाहीं. "लोकांना खेळतांच येत नाहीं," असें तो रागानें म्हणे.

जपानच्या निन्टेंडो कंपनीनें या खेळाची पहिली आवृत्ति २०१५ सालीं काढिली. मार्ग जगापुढें ठेवण्यापूर्वीं रचणाऱ्यानें तो स्वतः पार केला पाहिजे, असा तींत नियम होता. नियम चांगला, पण पुरेसा नव्हे. ज्यानें खड्डा खणिला त्यास तो अंधारांतहि चुकवितां येतो. नवख्यास तो दिसतहि नाहीं. आमच्या मतें दुसरी सोय अधिक मोलाची होती: पूर्वीचे खेळाडू जेथें जेथें पडले, तेथें फुलीची खूण दिसे. पहिल्याच उडीपाशीं फुल्यांची दाटी झाली, तर पुढील सुंदर रचना पाहावयास राहतो कोण?

त्या आवृत्तींत नवे मार्ग ठेवणें २०२१ सालीं बंद झालें, व ८ एप्रिल २०२४ रोजीं तिची ऑनलाइन सेवाहि संपली. तत्पूर्वीं 'टीम झीरो पर्सेंट' नांवाच्या हौशी खेळाडूंच्या संघानें, कोणींहि पार न केलेले सर्व मार्ग पार करण्याचा पण केला होता. शेवटीं 'ट्रिमिंग द हर्ब्ज' हा एकच उरला. तेव्हां त्याच्या कर्त्यानें कबूल केलें कीं, आपण तो हातानें नव्हे, तर यंत्राच्या साहाय्यानें पार केला होता! तरीहि ५ एप्रिल रोजीं एका खेळाडूनें तो हातानें पार केला. असे चिकाटीचे वाटसरू किती जणांच्या वांट्यास येणार?

आम्हीं त्या मुलास त्याच्या धाकट्या बहिणीच्या मागें बसविलें व तिचा खेळ संपेपर्यंत बोलण्याची मनाई केली. ती पहिल्याच खड्ड्यांत सहा वेळां पडली. दोनदां त्याच्या ओठांवर शब्द आले. आम्हीं डोळ्यांनीं दटाविलें. सातव्या वेळीं तिनें खेळ ठेवून दिला. त्याच सायंकाळीं त्यानें तो खड्डा अरुंद केला, व आरंभीं एक साधी, निर्धोक उडी घातली, म्हणजे नवख्याचा हात बसावा.

दुसरा खड्डा मात्र तो अजून हलवावयास तयार नाहीं.