पाऊस की बर्फ? घोटाळा एका अंशाचा

६ मार्च २०१३. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. हिमवादळ येणार म्हणून केंद्र सरकारची कार्यालयं बंद, शाळा बंद, रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या सज्ज. शहरात पाच इंचांच्या वर बर्फ पडेल असा अंदाज होता. आणि पडलं काय? पाऊस! पोटोमॅक नदीकाठच्या विमानतळावर मोजलेला बर्फ ०.२ इंच, म्हणजे अर्धा सेंटिमीटर. पाचच दिवसांपूर्वी सरकारी खर्चात 'सीक्वेस्टर' नावाची सक्तीची कपात सुरू झाली होती. त्यावरून लोकांनी वादळाचं 'स्नोक्वेस्टर' असं बारसं आधीच करून ठेवलं होतं. मग काय, हवामानवाल्यांची यथेच्छ टिंगल झाली.

आपल्याकडेही वेधशाळा म्हणजे पीजेचा हक्काचा विषय. पण या केसमध्ये गंमत अशी, की वादळ ठरल्या दिवशी आलं होतं. पश्चिमेकडच्या व्हर्जिनियाच्या डोंगरात फूटभराहून जास्त बर्फ साचला. शहरात चुकलं ते फक्त तापमान, तेही जेमतेम काही अंशांनी.

तिथल्या हिवाळी पावसाचा बहुतेक प्रत्येक थेंब वर ढगात हिमकणच असतो. खाली येताना तो वितळतो की नाही, एवढाच प्रश्न. हवेचं तापमान उंचीबरोबर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. हिमकण वितळायला थोडा वेळ घेतो, त्यामुळे शून्य अंशाची पातळी जमिनीपासून दोन-तीनशे मीटर वर असली तरी खाली बर्फ पोचू शकतो. ती पातळी आणखी वर गेली, की थेंब.

आता खरी मजा. हिमकण वितळताना उष्णता कुठून घेतो? आजूबाजूच्या हवेतून. म्हणजे पडणारा बर्फ स्वतःच स्वतःची वाट थंड करत येतो! थर्मोच्या पेपरसारखं गणित करून बघू. समजा १० मिमी पाण्याएवढा बर्फ वितळला. दर चौरस मीटरला १० किलो. एका किलोला ३३४ किलोज्यूल, म्हणजे एकूण ३३४० किलोज्यूल. खालचा ५०० मीटरचा हवेचा थर धरला तर चौरस मीटरवर हवा साधारण ६०० किलो, आणि ती एक अंश थंड व्हायला सुमारे ६०० किलोज्यूल काढावे लागतात. भागाकार करा: साडेपाच अंश! पण हाच बर्फ २ मिमीएवढाच वितळला तर? एक अंशाच्या आसपास. म्हणजे जोर धरला तर बर्फ, रिमझिम राहिली तर पाऊस. तेव्हा तापमानाचा अंदाज हवा तर आधी सरीचा जोर अचूक सांगता आला पाहिजे, आणि नेमकं तेच सगळ्यात अवघड.

दुसरा थंडावा बाष्पीभवनाचा. नागपूरला कूलर मस्त चालतो आणि मुंबईत नुसता चिकचिकाट करतो, तेच तत्त्व. ४ अंशाची कोरडी हवा पडणारं पाणी पिऊन शून्याजवळ येऊ शकते. दमट हवेत ही सोय नाही. म्हणून तिथले अंदाजवाले नुसतं तापमान बघत नाहीत, 'वेट बल्ब' बघतात. (लॅबमध्ये ओल्या चिंधीचा थर्मामीटर बघून आम्ही हसलो होतो. माफी असावी.)

हे सगळं हवा जागच्या जागी थांबली तर. पूर्वेला अटलांटिक आहे. तिकडून वारा सुटला की तो उबदार हवा आणतच राहतो, आणि वरचा हिशोब कोलमडतो. त्यात महिना मार्च. वॉशिंग्टनला डिसेंबर अखेरीस दुपारचा सूर्य क्षितिजाच्या २८ अंश वर असतो, ६ मार्चला ४५ अंश. साइन काढून बघा, जमिनीवर पडणारं ऊन दीडपट होतं. ढगांतूनही त्यातलं थोडं खाली झिरपतंच. पडलेला बर्फ रस्त्यावर टिकत नाही.

आता यातला जुगार बघा. ढोबळ नियमाने १ सेंमी पाण्याचा १० सेंमी बर्फ होतो. तेव्हा २५ मिमी पाणी पडणार हे अगदी बरोबर ओळखलं, तरी उत्तर दहा इंच किंवा शून्य, दोन्ही शक्य!

मग सुट्टी द्यायला नको होती का? मला तरी द्यायला हवी होती असंच वाटतं. जानेवारी २००० मध्ये उलटं झालं होतं. वादळ समुद्रातच राहील असं मॉडेल्स दाखवत होती आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलीमध्ये २०.३ इंच बर्फ पडला. बेसावध गाठलेलं शहर जास्त महागात पडतं. तक्रार एकच, लोकांच्या डोक्यात एकच आकडा बसतो. युरोपियन केंद्र सुरुवातीची स्थिती किंचित बदलून पन्नास वेळा तेच गणित चालवतं, ते याचसाठी. पन्नासपैकी वीस उत्तरं पाऊस म्हणत असतील तर ते वीस लोकांना सांगायला काय हरकत आहे?

आपल्यातले जे यंदा एमएसला तिकडे चाललेत, त्यांनी मार्चच्या अंदाजात 'विंट्री मिक्स' असं वाचलं की वेट बल्ब किती आहे ते बघावं, वारा समुद्राकडून आहे का ते बघावं, आणि असाइनमेंट तरीही वेळेत पूर्ण करून ठेवावी.