एका पालीची शुश्रूषा

पालीवर अभ्यासलेख, आणि तोही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लिहिलेला! वाचकांना हसू येणे साहजिक आहे. लेख लिहायला घेतला तेव्हा मलाही आले होते. पण २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पाच आठवडे एका जखमी पालीची सेवा करताना जे पाहिले, विचारले आणि वाचले ते वहीत नोंदवून ठेवले होते. त्यातले काही इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा प्रपंच.

ती पाल आम्ही पाळलेली होती असे म्हणता येणार नाही. पण दोन वर्षे रोज दिवेलागणीला ती भिंतीवरच्या घड्याळामागून बाहेर यायची, ट्यूबलाइटभोवतीच्या पाकोळ्या टिपायची आणि पहाटे पुन्हा घड्याळामागे जायची. आजी तिला 'घड्याळातली' म्हणे. ती चुकचुकली की आजी जमिनीवर बोटाने टिचक्या मारून 'कृष्ण कृष्ण' म्हणायची. इतके नाते जुळल्यावर तिला घरातली म्हणायला हरकत नसावी.

दिवाळीच्या फराळाच्या डब्यांमागे उंदीर फिरू लागला म्हणून मी बाजारातून उंदीर पकडण्याचा चिकट पुठ्ठा आणला आणि फडताळाखाली सारून ठेवला. आजीने पिंजरा लाव म्हटले होते. मला पुठ्ठा सोयीचा वाटला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर पुठ्ठ्यावर दोन झुरळे, एक पाकोळी आणि त्यांच्यामध्ये 'घड्याळातली'. उंदराचा पत्ता नाही. कारण नंतर ध्यानात आले. अशा पुठ्ठ्यावर आधी किडे चिकटतात, त्यांची वळवळ पाहून पाल खायला येते आणि स्वतः अडकते. म्हणजे उंदरासाठी मांडलेला सापळा पालीच्या दृष्टीने वाढलेले ताट असते.

मी पुठ्ठा उचलला मात्र, तिची शेपटी तटकन तुटली आणि चिकटल्या जागीच वळवळू लागली. मी दचकून पुठ्ठा खाली ठेवला. तेवढ्यात शेजारच्या कन्नड अज्जी काही मागायला दारात आल्या. त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "पाप!"

मी मराठी शाळेत शिकलो आणि कन्नड गल्लीत खेळता खेळता उचलली. कन्नडमध्ये 'पाप' हा शब्द 'बिचारी' या अर्थी उद्गारतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या क्षणी कानाने तो शब्द मराठीतच ऐकला. पुठ्ठा मी आणलेला, ठेवलेलाही मीच. माझे तोंड पाहून अज्जींना काय वाटले कोण जाणे, त्या पुन्हा हळू आवाजात म्हणाल्या, "पाप, बिडो अदन्न." सोड रे तिला.

सोडवायचे कसे, हा पहिला धडा. ओढून काढणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण पालीची कातडी फार नाजूक असते. डिंक सुटण्याआधी कातडी सुटते, बोटे तुटतात. पाण्याने हा डिंक विरघळत नाही, तेलाने सैल होतो. आजीने शेंगदाण्याच्या तेलाची बुधली पुढे केली. मी प्रथम कात्रीने पालीभोवतीचा पुठ्ठा कापून वेगळा केला आणि तिच्या आजूबाजूच्या उघड्या डिंकावर ज्वारीचे पीठ भुरभुरले, नाहीतर सुटलेला पाय पुन्हा चिकटतो. मग कान कोरायच्या कापसाच्या काडीने थेंब थेंब तेल लावत गेलो. आधी हनुवटी, म्हणजे तिला श्वास नीट घेता यावा. मग पोट, मग पाय, शेवटी एकेक बोट. नाकपुड्यांत तेल जाऊ द्यायचे नाही. पालीला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो आणि तो ती जिभेने चाटून साफ ठेवते. तिथेही तेल नको. या कामाला पाऊण तास लागला. इतका वेळ एका जागी मी परीक्षेतही बसलेलो नाही. एवढे करूनही मागच्या डाव्या पायाचे एक बोट गेलेच.

नंतर कोमट पाण्यात नावापुरता साबण मिसळून त्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने डोके सोडून अंग पुसले आणि साध्या पाण्याने पुन्हा पुसले.

दुपारी खोक्यात घालून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "गाई-म्हशी, कुत्री-मांजरी रोज येतात, पाल तूच पहिला आणलीस." पण हसून झाल्यावर त्यांनी तिला नीट तपासले. बोटाच्या जखमेवर पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून दिवसातून एकदा लावायचे. माणसाची मलमे, विशेषतः ठणका मारणारी, लावायची नाहीत. हळदीची पूड जखमेत भरायची नाही. आणि तिला सारखे हातात घ्यायचे नाही. शेपटीची काळजी करू नकोस म्हणाले.

शेपटीची हकीकत खरोखर नवलाची आहे. पालीच्या शेपटीतील मणक्यांमध्ये मुळातच तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात. शत्रूने धरले की स्नायू आवळून ती तिथून शेपटी सोडते. रक्तवाहिन्याही आवळल्या जातात म्हणून रक्त फारसे येत नाही. सुटलेली शेपटी वळवळत राहते, शत्रू तिच्याकडे पाहतो आणि पाल निसटते. हा सौदा स्वस्त मात्र नाही. पालीची चरबी मोठ्या प्रमाणात शेपटीत साठवलेली असते, म्हणजे संकटकाळासाठी ठेवलेली गंगाजळीच तिने सोडलेली असते. नवी शेपटी येते, पण तिच्यात मणके नसतात. कूर्चेची एक नळी असते, आणि वरचे खवले व रंगही पहिल्यासारखे नसतात.

घरी एक रुंद तोंडाची मोठी प्लास्टिकची बरणी घेऊन झाकणाला भोके पाडली. तळाशी साधा कागद अंथरला. वाळू किंवा लाकडाचा भुसा जखमेला चिकटतो. लपायला पुठ्ठ्याची नळी ठेवली. बरणी आडवी ठेवून एका टोकाबाहेर चाळीस वॉटचा दिवा लावला, दुसरे टोक थंड राहू दिले. याचे कारण महत्त्वाचे आहे. पालीचे शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही, ती बाहेरून घेते. ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही आणि जखमही लवकर भरत नाही. बेळगावच्या थंडीत हे आणखी जाणवते. मात्र ऊब एकाच टोकाला हवी, म्हणजे नको झाली की तिला दूर सरकता येते. सगळी बरणी तापवणे म्हणजे तिला शिजवणे.

पहिले दोन दिवस खाणे दिले नाही. बरणीच्या भिंतीवर पाण्याचे बारीक थेंब उडवायचो, ते ती चाटायची. वाटीतले पाणी तिला समजतच नाही. तिसऱ्या रात्री एक झुरळाचे पिल्लू सोडले. भक्ष्य तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नसावे आणि हलते असावे, एवढे लक्षात ठेवले की पुरे. दूध, भात, पोळी यांचा काही उपयोग नाही. आजीने प्रेमाने ठेवलेला साखरेचा दाणा मी गुपचूप काढून टाकला.

वजनाची अडचण होती. किराणा दुकानाच्या काट्यावर पालीचे वजन काय दिसणार? गल्लीतल्या सराफांनी आपला सोन्याचा काटा वापरू दिला, पण दुकान उघडायच्या आधी आणि मागच्या दाराने. डबीचे वजन वजा करून पहिल्या दिवशी २.८ ग्रॅम भरले, पाचव्या दिवशी २.६. त्या आकड्याने माझी झोप उडाली. शिल्लक घटत चाललेल्या खात्याचा पुढे काय हिशेब होतो हे आम्हाला वर्गात शिकवलेले असते. आठव्या दिवशी २.७ झाले तेव्हा सराफ माझ्याहून अधिक खूश दिसले.

घरात या काळात दोन पक्ष पडले होते. पंचांगात पल्लीपतनाचे फळ दिलेले असते. पाल कोणत्या अंगावर पडली तर काय होते याची यादीच असते. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात सोन्या-चांदीच्या पाली आहेत आणि त्यांना स्पर्श केला की पालीचा दोष जातो, अशी श्रद्धा आहे. अज्जींनी ते दर्शन घेतलेले असल्याने त्या निर्धास्त होत्या. आजीने तसे केलेले नसल्याने, पालीला शिवलो की अंगावरच्या कपड्यांसह आंघोळ कर, असा तिचा आग्रह. शेवटी दरवेळी साबणाने कोपरापर्यंत हात धुण्यावर तडजोड झाली. डॉक्टरांनीही हेच बजावले होते, फक्त कारण वेगळे दिले. आपल्याकडची घरातली पाल विषारी नसते, पण तिच्या आतड्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात आणि ते तिच्या विष्ठेतून अन्नात गेले तर माणूस आजारी पडतो. म्हणून बरणी स्वयंपाकघरात ठेवायची नाही आणि तिची भांडी तिथल्या मोरीत धुवायची नाहीत.

भाषेचीही गंमत झाली. पालीला कन्नडमध्ये 'हल्ली' म्हणतात. "हल्ली कशी आहे?" असे अज्जींनी आपल्या मोडक्या मराठीत विचारले की आजी स्वतःच्या गुडघेदुखीची हकीकत सांगायला लागे.

आता पायांविषयी, कारण खरी काळजी तीच होती. दहाव्या दिवशी जखम सुकली, खाणे सुरू होते. पण पाल बरणीच्या उभ्या भिंतीवर चढू शकत नव्हती. दोन पावले टाकी आणि घसरून खाली येई. भिंतीवर न चढणारी पाल म्हणजे भुकेने किंवा मांजराच्या तोंडी मरणारी पाल. तेलाने जीव वाचवला आणि पाय घालवले की काय, असे मला वाटू लागले.

पालीच्या पायाला डिंक नसतो, निर्वातही नसतो. बोटांखालच्या आडव्या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे असतात. ईशान्य भारतात व आग्नेय आशियात आढळणाऱ्या टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पायावर असे सुमारे ५ लाख केस असतात. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्यातल्या एकाच केसाचे बळ मोजले, आणि ही पकड व्हॅन डर वाल्स बलांमुळे, म्हणजे अगदी जवळ आलेल्या रेणूंच्या परस्पर आकर्षणामुळे होते, हे २००२ साली दाखवले. धूळ लागली तर चालता चालता ती आपोआप झडते. पण डिंक आणि तेल यांच्यापुढे त्या केसांचा इलाज चालत नसावा, असे माझ्यासमोरच्या पायांवरून दिसत होते.

एक आशा होती. पाल कात टाकते तेव्हा बोटांखालचे हे केसही नवे येतात. आम्ही यंत्रांवर वर्षानुवर्षे घसारा काढतो. इथे दर कातीला यंत्रच नवे मिळते. तेव्हा करण्यासारखे काम एकच उरले होते, ते म्हणजे काही न करणे. तिची ऊब, पाणी आणि किडे सांभाळायचे आणि वाट पाहायची. त्या दिवसांत सहज शब्दकोश चाळताना दिसले की 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. मी रात्री अभ्यास करताना बरणी टेबलावर ठेवत असे. पण ती काही बोलली नाही. अठरा दिवसांत एकदाही चुकचुकली नाही.

एकोणिसाव्या दिवशी तिचा रंग मळकट पांढुरका झाला. विसाव्या दिवशी सकाळी पाहिले तर अंगावरची कात गेलेली होती. पाली आपली कात खाऊन टाकतात, त्यामुळे बरणीत काही उरले नव्हते. पण पुढच्या उजव्या पायाच्या तीन बोटांना जुन्या कातडीची टोपणे तशीच अडकून राहिली होती. तिथे ती राहिली तर सुकून आवळतात आणि बोट मरते. ओल्या फडक्यावर तिला अर्धा तास एका डबीत ठेवले आणि मग ओलसर कापसाच्या काडीने एकेक टोपण टोकाकडे सरकवत काढले. माझा हात इतका थरथरत होता की आजीने मनगट धरले. म्हणजे आजीही पालीला जवळजवळ शिवलीच, पण त्या दिवशी आंघोळीचा विषय निघाला नाही.

तिला बरणीत सोडले. ती थोडा वेळ बसून राहिली. मग सरळ उभ्या भिंतीवरून वर गेली आणि झाकणाला उलटी चिकटून माझ्याकडे पाहू लागली.

यापुढचे थोडक्यात सांगतो. सव्विसाव्या दिवशी वजन ३.१ ग्रॅम भरले. पाचवा आठवडा संपताना शेपटीच्या जागी दीड सेंटिमीटरचा गुळगुळीत, करड्या रंगाचा कोंब आला होता. त्या संध्याकाळी बरणी घड्याळाखाली भिंतीला टेकवून झाकण काढले. एक सूचना इथेच करून ठेवतो. हे सारे घरातल्या पालीपुरते आहे. घोरपड जखमी सापडली तर तिला घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे आणि तिच्यासाठी वनखात्यालाच कळवावे लागते.

झाकण काढले तरी ती बराच वेळ आली नाही. आजी आणि अज्जी दोघी खुर्च्या टाकून बसल्या होत्या. शेवटी ती बाहेर आली, भिंत चढली, ट्यूबलाइटजवळ थांबली आणि घड्याळामागे गेली. चार बोटांचा तो मागचा डावा पाय ती किंचित बाहेर फेकून टाकते, त्यावरून आजही ओळखू येते. दुसऱ्या रात्री जेवताना ती चुकचुकली. आजीने ताटाशेजारी टिचक्या मारल्या, भिंतीपलीकडून अज्जींनीही मारल्या असाव्यात.

चिकट पुठ्ठ्याचे राहिलेले दोन तुकडे मी गुंडाळून टाकून दिले. आजीचा जुना पिंजरा माळ्यावरून काढून त्यात रोज रात्री भाकरीचा तुकडा लावतो. उंदीर मात्र अजून सापडलेला नाही.