झाड आवारात, गुरुजी पडद्यावर

प्रश्न : मी मुलुंडला राहते, साठीला टेकले आहे. मुलीने नेचर स्केचिंग आणि जर्नलिंगच्या ऑनलाइन कार्यशाळेत परस्पर माझं नाव घातलं. शाळेत चित्रकलेत मी कशीबशी पास व्हायचे. शिवाय मोबाइलमध्ये बघून निसर्ग काढायला शिकायचं, हे मला उफराटं वाटतं. आमच्या इमारतीभोवती निसर्ग तरी कुठे आहे? आणि नुसता फोटो काढला तर काय बिघडलं?

उत्तर : मुलीने विचारलं नाही हे खरं, पण तिने चुकीचं काही केलेलं नाही. तुमच्या पत्रात चार शंका एकमेकींत गुंतल्या आहेत: पडदा, फोटो, हात आणि जागा. एकेक सोडवू.

आधी पडदा. अशा कार्यशाळेत शिकायच्या गोष्टी दोन असतात, एक हाताची आणि एक डोळ्याची. पेन्सिल किती दाबायची, ब्रशमध्ये पाणी किती ठेवायचं, ओल्या रंगात दुसरा रंग कधी सोडायचा, ही हाताची कामं. ती पडद्यावर खरोखर चांगली शिकता येतात. प्रत्यक्ष वर्गात वीस-पंचवीस जण असले की मागच्या रांगेला शिक्षकांची पाठच दिसते. ऑनलाइन वर्गात कॅमेरा वरून थेट कागदावर रोखलेला असतो, त्यामुळे प्रत्येकाला पहिल्या रांगेतली जागा मिळते. रेकॉर्डिंग असेल तर अडलेला भाग दहा वेळा मागे नेऊन बघता येतो, आणि कुणी ‘अहो, आत्ताच तर सांगितलं’ म्हणत नाही.

डोळ्याचं काम मात्र पडद्यावर होत नाही. त्याचं कारण साधं आहे. समोरच्या फांदीला लांबी, रुंदी आणि खोली असते, कागदाला खोली नसते. ती फांदी कागदावर कशी उतरवायची, पुढे आलेलं पान आखूड कसं दाखवायचं, हे ठरवणं हाच निसर्गरेखाटनातला खरा अभ्यास. फोटोत ते काम कॅमेऱ्याने आधीच उरकलेलं असतं. काय घ्यायचं आणि काय वगळायचं हेही फोटो काढणाऱ्याने ठरवलेलं असतं. शिक्षकांनी दाखवलेल्या फोटोवरून तुम्ही हुबेहूब खंड्या काढलात, तर हात नक्की सुधारेल, पण तुम्ही खंड्या पाहिला असं होणार नाही. पाककृतीचा व्हिडिओ कितीही मन लावून पाहिला तरी मीठ आपल्याच जिभेने चाखावं लागतं. म्हणून तासाभराचा वर्ग पडद्यासमोर आणि गृहपाठ झाडाखाली, अशी वाटणी करून घ्या. तुमचं उफराटं वाटणं निम्मं बरोबर आहे ते एवढ्यापुरतंच.

आता फोटो. फोटो काढण्यात वावगं काही नाही. पण फोटो काढला की ‘आता हे आपल्याजवळ आहे’ या भरवशावर डोळा सैलावतो. अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेने संग्रहालयात विद्यार्थ्यांना फिरवून याचा प्रयोग केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा फोटो काढलेल्या वस्तू मुलांना कमी आठवल्या. गंमत अशी की ज्या वस्तूंच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं होतं, त्यांच्या आठवणीत अशी घट दिसली नाही. म्हणजे कॅमेरा असणं अडचणीचं नव्हतं. लक्ष कुठे थांबलं, यावर सगळं ठरत होतं.

चित्राबद्दलचा प्रयोग कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातला, २०१६ सालचा. लोकांना काही शब्द दिले. काहींची चित्रं काढायला सांगितली, काही नुसते लिहून काढायला. चित्र काढलेले शब्द कितीतरी जास्त लक्षात राहिले, आणि चित्र चांगलं की वाईट याने फरक पडला नाही. शाळेत जेमतेम पास झालेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

तिसरी शंका हाताची, म्हणजे ‘मला चित्र येत नाही’ ही. ही सगळ्यांत जुनी समजूत आणि सगळ्यांत चिवट. चार्ल्स डार्विन पाच वर्षं बीगल जहाजावरून जग हिंडले. चित्र काढता येत नाही याची खंत त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. तरी त्यांच्या नोंदवह्यांवाचून पुढचं काही झालं नसतं. आपल्या मुंबईचे पक्षितज्ज्ञ सालिम अली दहा-अकरा वर्षांचे असताना, १९०६-०७ च्या सुमारास, त्यांनी चिमण्यांच्या एका घरट्यावर टिपण लिहिलं. नर मारला की मादीजवळ दुसरा नर येतो, असं सात दिवसांत आठ वेळा घडल्याचं ते टिपण आहे. (पोराच्या हातात छऱ्याची बंदूक होती. काळ वेगळा होता.) काही दशकांनी ते छापून आलं, कारण त्यात काय दिसलं आणि किती वेळा दिसलं हे नेमकं लिहिलेलं होतं. त्यात चित्र असतं तर बहारच, पण नव्हतं म्हणून अडलं नाही. जर्नल म्हणजे चित्रांचा अल्बम नव्हे, ती रेषा, शब्द आणि आकडे यांची मिसळलेली वही असते. जिथे रेषा अडते तिथे बाण काढून लिहावं, ‘इथून पुढे पिवळट’.

हात का अडतो, तेही सांगतो. आपण समोरचं पान काढत नाही, डोक्यातलं काढतो. करून बघा. बहुतेक इमारतींच्या आवारात देशी बदामाचं झाड असतं, त्याचं गळलेलं पान उचला. न बघता बदामाचं पान काढा म्हटलं, तर दहातले आठ जण दोन्हीकडे निमुळतं आणि मध्ये फुगीर असं आंब्याच्या वळणाचं पान काढतील. आता खरं पान समोर ठेवा. ते देठाकडे चिंचोळं असतं, टोकाकडे रुंद होत जातं आणि शेवटी जवळजवळ गोल होतं. देठ अगदीच आखूड. पान उलटं करून मधली शीर देठाच्या अंगाला नीट पाहिलीत तर तिच्या दोन बाजूंना दोन बारीक ठिपक्यांसारख्या ग्रंथी बहुधा सापडतील. वर झाडाकडे पाहा, पानं फांदीभर विखुरलेली नसतात, टोकाशी झुबक्याने असतात, आणि फांद्या मजल्यामजल्याने आडव्या पसरलेल्या असतात. हे झाड तुम्ही वर्षानुवर्षं पाहिलं असेल, पण यातलं किती ठाऊक होतं?

यावर जुना तोडगा म्हणजे कागदाकडे न बघता काढायचं. नजर पानाच्या कडेवरून मुंगीच्या वेगाने सरकवायची, पेन्सिल त्याच वेगाने कागदावर, आणि संपेपर्यंत खाली पाहायचं नाही. किमॉन निकोलाइडिस या अमेरिकी कलाशिक्षकाच्या १९४१ साली निघालेल्या पुस्तकाने हा सराव कलाशाळांमध्ये रुळवला. चित्र हास्यास्पद येतं. यायलाच हवं. पण डोक्यातलं पान त्यामुळे बाजूला पडतं. पहिल्या वर्गात हे करायला लावलं तर शिक्षक चेष्टा करताहेत असं समजू नका.

पक्ष्यांचं मात्र वेगळं. पान बसून राहतं, कावळा राहत नाही. नवखे लोक चोचीपासून सुरुवात करतात आणि चोच होईतो कावळा पलीकडच्या विंगेत गेलेला असतो. आधी अंगाचा कल दाखवणारी एक रेघ, त्यावर धडाचा लंबगोल, मग डोकं आणि शेपूट, बाकी तपशील मागाहून. एकाच पानावर चार-पाच अर्धवट कावळे सुरू ठेवा. पक्षी त्याच त्या पवित्र्यात पुन्हा पुन्हा येतो. आला की त्या चित्राकडे वळा. मान राखाडी दिसली तर आपला गावकावळा, सगळाच काळा आणि चोच दणकट दिसली तर डोमकावळा. दोन्ही मुलुंडला दिसतात.

उरली जागा. मुलुंडला राहून निसर्ग कुठे, असं विचारणं म्हणजे तुम्ही पश्चिमेकडच्या डोंगराकडे पाठ करून बसला आहात. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा कडेचा भाग. त्याचं मुख्य प्रवेशद्वार बोरिवलीला असलं तरी डोंगर दोघांचा. त्या उद्यानाच्या पोटात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत, ते अनुक्रमे १८६० आणि १८७९ मध्ये मुंबईच्या पाण्यासाठी बांधले. तिथली कारवी आठ वर्षांतून एकदा सामूहिक फुलते. २०१६ आणि २०२४ ला फुलली. पुढची पाळी २०३२, तोवर वहीचा सराव व्हायला हरकत नाही. तुमच्या पूर्वेला ऐरोलीच्या पुलाखाली ठाणे खाडी. तिथला भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. हिवाळ्यात आलेले फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, मेपर्यंत रेंगाळतात. अंधेरीकरांना वर्सोव्याची तिवरं आहेत, गोरेगावला फिल्मसिटीला लागून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. सोसायटी स्वतः १८८३ पासूनची.

पण खरं सांगू का, सुरुवातीला यातलं काहीच नको. रोहित पक्षी बघायला वर्षातून एकदा जाल, बदामाखालून रोज जाता. जर्नलची खरी कमाई तोच तो विषय पुन्हा पुन्हा काढण्यात आहे. बदामाची पानं गळण्याआधी लाल होतात. पहिलं लाल पान कोणत्या तारखेला, झाड उघडं केव्हा, कोवळी पालवी केव्हा, असं वर्षभर एका झाडाचं केलंत तर हाती काहीतरी लागतं. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात कॉन्कर्ड गावातली फुलं केव्हा उमलतात याच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. दीडशे वर्षांनी बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच गावात पुन्हा तारखा घेतल्या, तेव्हा फुलं सरासरी आठवडाभर लवकर येत असल्याचं दिसलं. थोरोंच्या वहीत तारखा नसत्या तर ती तुलना कशाशी करणार होते? म्हणून चित्र कसंही येवो, पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, ठिकाण आणि हवा लिहिल्याशिवाय वही मिटायची नाही.

याच विषयावर घाटकोपरचे एक वाचक विचारतात, झाडापक्ष्यांची नावं माहीत नसतील तर काय लिहायचं? नाव सोडून सगळं लिहा. नाव आधी कळलं की माणूस पाहायचं थांबवतो. आकाशात घिरट्या घालणारा मोठा पक्षी दिसला तर शेपटीचा आकार तेवढा काढा. टोकाशी खाच असेल तर नेहमीची घार, गोलसर असेल तर बहुधा ब्राह्मणी घार. चित्र पुस्तकाशी ताडून नाव दुसऱ्या दिवशी घातलं तरी चालतं. जॉन म्युअर लॉज या अमेरिकी निसर्गचित्रकाराची पद्धत यासाठी सोयीची आहे: काय दिसलं, कोणता प्रश्न पडला आणि यावरून काय आठवलं, एवढंच लिहायचं. त्यांचे बरेच धडे इंटरनेटवर फुकट आहेत.

अंधेरीच्या एका वाचकाने सामानाची भलीमोठी यादी पाठवून ‘हे सगळं घेऊ का’ असं विचारलं आहे. नका घेऊ. एक एचबी आणि एक टू-बी पेन्सिल, खोडरबर, पाठीला पुठ्ठा असलेली कोरी वही. जलरंगाचा नाद लागला तर मग तीनशे जीएसएमचा कागद घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो. जुलैमध्ये मुंबईच्या दमट हवेत जलरंग लवकर वाळत नाही आणि घाईने वही मिटली की दोन पानं एकमेकांना चिकटतात. पावसाळाभर पेन्सिलच बरी. गृहपाठाचा फोटो पाठवताना ट्यूबलाइट टाळा, खिडकीच्या उजेडात मोबाइल कागदाला समांतर धरा. तिरका धरलात तर पानाची प्रमाणं बिघडतात आणि शिक्षक नसलेल्या चुका दुरुस्त करत बसतात. पडद्यावरच्या रंगाशी आपला रंग जुळत नाही म्हणूनही खट्टू होऊ नका. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फेकत नाही. रंग जुळवायचा तो समोरच्या पानाशी.

शेवटी बोरिवलीहून आलेली शंका, कार्यशाळा चांगली की नुसती जाहिरात, हे ओळखायचं कसं? पैसे भरण्याआधी तीनच गोष्टी विचारा. रेकॉर्डिंग किती दिवस बघता येईल? गृहपाठ एकेकट्याचा तपासून मिळेल का? आणि गृहपाठ बाहेर जाऊन करायचा आहे की दिलेल्या फोटोवरून? तिसऱ्याचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. चांगल्या वर्गात दुसऱ्या आठवड्यात कुणाच्या वहीत कुंडीतली तुळस असते, कुणाच्या वहीत गटाराकाठचा वंचक, कुणाच्या वहीत खिडकीच्या जाळीवरची पाल. सगळ्यांच्या वहीत तोच तो खंड्या, त्याच फांदीवर, त्याच बाजूला मान वळवून बसलेला दिसला, तर फी परत मिळते का याची चौकशी सुरू करा.