समुद्रातील वायू आणि जालन्याचे शेत

जालना जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. परंतु येथील कपाशीला व मक्याला घातल्या जाणाऱ्या युरियाचा संबंध अरबी समुद्राच्या तळाशी पोहोचतो. युरियातील नत्र हवेतून घेतले जाते. त्याचा अमोनिया बनविण्यासाठी लागणारा हायड्रोजन मात्र मुख्यतः नैसर्गिक वायूपासून मिळवावा लागतो.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील ‘मुंबई हाय’ येथे १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेलासमवेत निघणारा वायू पुढे समुद्रतळावरील वाहिनीने उरणला आणण्यात आला. त्याच्या आधारावर अलिबागजवळ थळ येथे मोठा खत कारखाना उभा राहिला. १९७६ मध्येच सापडलेल्या वसई क्षेत्रातील वायू पुढे गुजरातमधील हजिरा येथे पोहोचू लागला.

हा वायू एखाद्या पोकळ गुहेत साठलेला नसतो. खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत तो मोठ्या दाबाखाली कोंडलेला असतो व विहीर खोदताच स्वतःच्या दाबाने वर येतो. सायकलच्या ट्यूबमधून हवा प्रथम जोराने व नंतर मंद निघते, हे उदाहरण शिक्षकांना वर्गात दाखविता येईल. क्षेत्राचे उत्पादन प्रथम वाढते, काही वर्षे स्थिर राहते. नंतर दाब ओसरतो, विहिरींत पाणी शिरते आणि घट सुरू होते. कॉम्प्रेसर बसवून व नव्या विहिरी खोदून ही घट लांबविता येते, टाळता येत नाही. गुजरात किनाऱ्यालगतच्या ताप्ती क्षेत्रातून १९९७ साली वायू निघू लागला. २०१६ साली उत्पादन थांबले आणि पुढे समुद्रातील मनोरेही काढावे लागले.

आपल्या विहिरीला पावसाळ्यात पुन्हा पाणी येते. वायूच्या विहिरीला असा पावसाळा नाही. देशातील वायू अपुरा पडू लागल्याने २००४ पासून द्रवरूप वायू जहाजांतून आयात होत आहे. खत कारखान्यांनाही तो वापरावा लागतो. युरियाच्या खर्चाचा मोठा भाग केंद्र शासन अनुदानातून सोसते, म्हणून शेतकऱ्याला या टंचाईची झळ गोणीच्या किमतीत दिसत नाही.

अशा स्थितीत माती परीक्षण करून युरियाची मात्रा ठरविणे, ती हप्त्यांनी विभागून देणे, शेणखताची जोड देणे आणि तूर-हरभऱ्याचा फेरपालट करणे, हे शेतकऱ्याच्या व देशाच्याही हिताचे आहे. पंचायत सदस्यांनी हा विषय ग्रामसभेत अवश्य मांडावा.