अनोळखी कपलर कसा ओळखावा?

मोटारगाडीच्या तारांचे झुबके एकमेकांस जोडणारी जी प्लास्टिकची लहानशी डबी असते, तिला आमच्याकडील कारागीर ‘कपलर’ म्हणतात. सन २००५, २०१९ व २०२१ सालीं कृष्णेच्या महापुराचें पाणी सांगलींत शिरलें. अशा पाण्यांत बुडालेल्या गाडीचे कपलर उघडून सुकवावे लागतात. नाहीं तर आंतील तांब्यावर हिरवट कळंक चढतो. परंतु सर्व जोडणी झाल्यावर एखादा कपलर मोकळाच लोंबकळत राहतो, आणि हा कशाचा, असा प्रश्न पडतो.

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींत हा प्रश्न विशेष नाजूक आहे. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९३९ सालीं ‘हायड्रामॅटिक’ नांवाची अशी यंत्ररचना बाजारांत आणली. आपल्याकडे २०१४ सालीं मारुति सुझुकीच्या ‘सेलेरिओ’पासून अशा गाड्या सामान्य कुटुंबांच्या आवाक्यांत आल्या, आतां खंबाटकीचा घाट चढून साताऱ्यास येणाऱ्या कित्येक गाड्यांना क्लचचें पेडलच नसतें. गिअरचा दांडा ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’वर असल्यावांचून इंजिन सुरू होऊं नये, अशी या गाड्यांत योजना असते. दांड्याची जागा कळविणाऱ्या स्विचचा कपलर निसटला, तर इंजिन सुरूच होत नाहीं. अशा वेळीं कोणी अंदाजानें दोन तारा पिळून जोडल्या, तर गिअर पडलेला असतांनाच इंजिन सुरू होईल, आणि पुढें उभ्या असलेल्या मनुष्यावर गाडी जाईल! म्हणून तर्क नव्हे, परीक्षा करावी. तिचा क्रम असा :

१. गाडी सपाट जागीं उभी करून हँडब्रेक ओढावा व किल्ली काढून घ्यावी. कपलर पिवळा असल्यास त्यास हात लावूं नये. तो बहुधा एअरबॅगचा असतो. मल्टीमीटरच्या अल्प प्रवाहानेंही ती फुटण्याचा संभव असतो.

२. कपलर रिकामा असणें हाच दोष, असें समजूं नये. चालकाच्या समोरील फळीखालीं सोळा पिनांची जी खोबण असते, ती तपासणीच्या यंत्राकरितांच मोकळी ठेविलेली असते. तसेंच, कारखान्यांत एकच वायरिंग अनेक प्रकारच्या गाड्यांस घालतात. त्यामुळें धुक्याचे दिवे नसलेल्या गाडींतही त्यांचा कपलर सांपडतो.

३. पिना किती, तारा किती, त्यांचे रंग व त्यांवरील रेघा कोणत्या, हें कागदावर टिपावें. जाड तार मोठा प्रवाह वाहते. एकमेकींस पीळ घातलेल्या दोन बारीक तारा बहुधा संगणकांचे निरोप नेतात. गिअरच्या स्विचला दांड्याच्या अनेक जागा कळवावयाच्या असल्यानें त्याच्या तारा पुष्कळ असतात.

४. तार जेथवर पोंचते, तेवढ्याच टप्प्यांत तिचा जोडीदार शोधावा. नंतर त्याच मॉडेलच्या व त्याच सालच्या वायरिंगच्या नकाशाशीं टिपण ताडून पाहावें.

५. सरतेशेवटीं जाणत्या कारागिरानें मल्टीमीटर लावावा. सुमारें १२ व्होल्ट आढळल्यास तार बॅटरीकडून येते. ५ व्होल्ट आढळल्यास ती बहुधा एखाद्या सेन्सरची असते. येथें बल्बचा टेस्ट लॅम्प वापरूं नये. तो अधिक प्रवाह ओढून संगणकास इजा करूं शकतो.

जोड बसला, म्हणजे काम संपलें असें नाहीं. ब्रेक दाबून धरून, गाडीपुढें व मागें कोणी नाहीं हें पाहून, दांडा ‘ड्राइव्ह’वर असतां किल्ली फिरवावी, इंजिन सुरू न होणें हीच खरी खूण होय.

असो. पालकांस आमची विनंति आहे कीं, पुरांत बुडालेली गाडी ‘सुरू होते का पाहूं’ म्हणून किल्ली फिरवूं नये. प्रथम जाणत्याकडून बॅटरीची तार सोडवावी. आणि विद्यार्थ्यांनो, पदार्थविज्ञानाच्या वर्गांत जो क्रम तुम्ही शिकतां, म्हणजे आधीं निरीक्षण, मग टिपण, मग तुलना आणि शेवटीं मापन, तोच येथेंही उपयोगीं पडतो. जें आपणांस ठाऊक नाहीं, तें ठाऊक होईपर्यंत जोडूं नये. कारण गाडींत बसणारा मनुष्य आपल्या कामावर विश्वास ठेवूनच बसतो.