चरा जात नाही, रंग जातो

‘चरा काढून देतो’ असे गॅरेजमध्ये सहज म्हटले जाते. आपणही समजतो, की गाडीला काहीतरी नको ते चिकटले आहे आणि मशीन फिरवले की ते निघून जाईल. मशीन पॉलिशबाबत माझ्या अनुभवाने मला शिकवलेली पहिली गोष्ट ही, की हा शब्दप्रयोगच फसवा आहे. चरा म्हणजे रंगात पडलेली खाच. खाच काढता येत नाही. तिच्या भोवतीचा चांगला रंग तिच्या तळाच्या पातळीपर्यंत घासून खाली आणला, की ती दिसेनाशी होते, एवढेच. वावरात पडलेली घळ माती टाकून बुजवण्याऐवजी सगळे वावरच घळीच्या तळापर्यंत खरवडावे, तसा हा व्यवहार आहे. म्हणून माझे म्हणणे एकच आहे : मशीनने चरे घालवणे म्हणजे साठवणीतला रंग खर्च करणे, आणि जव्हार-मोखाड्यासारख्या भागात, जिथे दर हंगामाला नवे चरे पडणारच, तिथे हा खर्च हात राखून करायला हवा. वॅक्स मात्र मोकळ्या मनाने लावावे, कारण ते रंगावर चढते, रंग खात नाही.

ही साठवण केवढी असते, ते आधी पाहू. आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वरपर्यंत गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे चार थर असतात. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर या चारांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी किंवा थोडी जास्त. त्यातला क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ. चकाकी त्याचीच असते. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग राखणारी द्रव्येही त्याच्यातच असतात. कडक कंपाउंड आणि लोकरी पॅडने केलेली एक जोरकस फेरी यातले काही मायक्रॉन सहज नेते. वॉटर पेपर मारून मग पॉलिश केले, तर आणखी जास्त. गेलेला क्लिअर कोट भरून येत नाही. दोन-चार वर्षे ओळीने ‘रबिंग’ झालेल्या गाडीच्या टपावर आणि बॉनेटवर पांढुरके डाग पडून पापुद्रे सुटू लागतात, तेव्हा दोष उन्हाला दिला जातो. उन्हाचे काम सोपे करून ठेवलेले असते ते आपणच.

आता इथल्या रस्त्यांचा विचार करा. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. विक्रमगडकडून चढा, मोखाड्यावरून त्र्यंबककडे जा किंवा खोडाळ्यावरून कसाऱ्याकडे उतरा. अरुंद वळणावर समोरून एसटी आली की गाडी कडेला घ्यावीच लागते. कडेला करवंदीची जाळी, घाणेरी आणि बांबू असतो. पावसाळ्यात या फांद्या डांबरापर्यंत येतात. त्यांचे ओरखडे दारांवर आडवे, लांब आणि बहुधा उथळ असतात. करवंदीचा काटा लागला तर मात्र खोल. पण अशा चऱ्यांहून जास्त चरे आपण स्वतः पाडतो. हा सगळा डोंगर काळ्या बेसाल्टचा, रस्त्याची खडीही त्याचीच. त्या दगडातली खनिजे काचेच्या तोडीस तोड कठीण असतात; क्लिअर कोट त्यांच्यापुढे मऊच. खडीची ही बारीक कच तांबड्या धुळीत मिसळून गाडीवर बसते आणि सकाळी आपण कोरडे फडके घेऊन ती पुसतो. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या या फडक्याच्या असतात.

यावर ‘पाणी कुठून आणायचे?’ हा प्रश्न इथे अगदी खरा आहे. मध्य वैतरणेचे पाणी याच डोंगरांतून मुंबईला जाते आणि मोखाड्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिली जाते. तिथे गाडीवर पाइप सोडा असे मी सांगणार नाही. पण कोरडी धूळ नुसती बसून राहिली तर रंगाचे काही बिघडत नाही. तो बिघडतो ती घासल्यावर. म्हणून पाणी नसेल तर काचा आणि दिवे तेवढे पुसा, बाकी गाडी तशीच राहू द्या. दोन बादल्या मिळाल्या तर पुरे : एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला साधे. आधी मगाने वरून पाणी सोडून धूळ भिजवा, मग मऊ मायक्रोफायबरने टपापासून खाली या आणि दाराचा खालचा चिखलाचा भाग शेवटी घ्या. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक मात्र थांबू देऊ नये. ओले फडके त्यावर काही मिनिटे ठेवून भिजले की अलगद उचलावे. एवढे जमले तर मशीनची निम्मी गरज तिथेच संपते.

तरीही जो चरा पडला, त्याचे काय करायचे हे मशीन ठरवत नाही, त्याची खोली ठरवते. ती ओळखायला दोन सोप्या कसोट्या आहेत. धुतलेल्या गाडीवरच्या चऱ्यावर पाण्याचे बोट फिरवा. ओला असताना तो नाहीसा झाला आणि वाळताच परत उमटला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. ओला असतानाही स्पष्ट दिसला, तर तो रंगात किंवा त्याच्याही खाली गेला आहे. मग नख आडवे ओढून पाहा. नख अडकले नाही, तर हलके पॉलिश पुरते. अडकले, तर तो चरा पूर्ण घालवण्याचा हट्ट सोडा. त्याच्या कडा थोड्या बोथट करून तो फिका होऊ द्या. तळाशी करडा प्रायमर किंवा चमकता पत्रा दिसत असेल, तर तिथे पॉलिशचे कामच नाही. तिथे गाडीच्या कोडचा टचअप रंग हवा : जागा स्वच्छ आणि कोरडी करून, पत्रा उघडा असेल तर आधी प्रायमर देऊन, काडीच्या टोकाने पातळ-पातळ थर भरायचे. वॅक्स त्यानंतर. आधी वॅक्स लावले तर टचअप धरत नाही.

मशीनकडे वळताना यंत्रांतला फरक ओळखायला हवा. रोटरी मशीनचे पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरते, एका जागी उष्णता साठवते आणि अननुभवी हातात काही सेकंदांत क्लिअर कोट जाळते. ड्युअल अॅक्शन मशीनचे पॅड फिरते आणि डुलतेही; जास्त दाबले की त्याचे फिरणे मंदावते, म्हणून चुकीला थोडी माफी असते. चार इंची ग्राइंडरला बफ लावून केलेले पॉलिश मात्र कोणाकडूनही करून घेऊ नये. ते यंत्र मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरते. ते लोखंड कापायला बनवले आहे. गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार लागेल अशी असावी. कडा, घड्या आणि दाराच्या मुठीभोवती रंग सगळ्यात पातळ असतो आणि पॅडचा दाब तिथेच एकवटतो, म्हणून त्या जागांवर टेप हवीच. बंपर प्लॅस्टिकचा असतो. पत्र्यासारखी उष्णता पसरवत नसल्याने तो लवकर भाजतो. सुरुवात नेहमी सगळ्यात मऊ फोम पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने, तीही वीतभर जागेवर. पुरले तर तिथेच थांबावे. नाही पुरले तरच एक पायरी वर जावे. पॉलिशच्या फडक्याला गाडीचा रंग लागू लागला, तर लगेच हात थांबवावा. जुन्या साध्या रंगाच्या गाडीवर क्लिअर कोट नसतो, तिथे असे होणे ठरलेलेच. पण मेटॅलिक गाडीवर याचा अर्थ क्लिअर कोट संपला.

‘कारागीर कसलेला असेल तर भीती कशाची?’ असे विचारले जाते. कसलेला हात कमी रंग काढतो, हे मला मान्य आहे. पण रंग न काढता चरा घालवणे कोणालाच शक्य नाही. खरा कसलेला माणूस आधी जाडी मोजायचे यंत्र लावून आकडा दाखवतो. त्या आकड्यालाही मर्यादा आहे : तो सगळ्या थरांची बेरीज सांगतो, एकट्या क्लिअर कोटची नव्हे. दुसरा आक्षेप गंजाचा. इथल्या पावसात उघडा पत्रा लवकर गंजतो, हे अगदी खरे. पण गंज थांबवतो तो टचअप. पॉलिशने पत्रा झाकला जात नाही. तिसरा आक्षेप, ‘विकताना चकाकी लागते.’ स्वस्त पॉलिशमधली तेले आणि भरणद्रव्ये चरे बुजल्याचा भास आठ-पंधरा दिवस टिकवतात, मग धुण्यात ते परत उघडे पडतात. घेणारा जाणकार असेल तर त्याला टॉर्चच्या उजेडात हे कळतेच. म्हणून काम झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक भाग पुसून दाखवायला सांगा. त्यानंतर जे दिसेल ते खरे काम. राहिला शेवटचा युक्तिवाद, की ‘रंग संपला तर पुन्हा मारू.’ कारखान्यात रंग मोठ्या तापमानाच्या भट्टीत भाजला जातो. गॅरेजमध्ये तसा भाजता येत नाही, कारण तयार गाडीतले प्लॅस्टिक, रबर आणि वायरी ते तापमान सोसत नाहीत. गॅरेजचा रंग चांगला असू शकतो, पण तो मूळ रंगाची जागा घेत नाही आणि पैसेही बरेच नेतो.

वॅक्सचे तसे नाही. कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून मिळते आणि ८० अंशांच्या वर वितळते. गाडीवर त्याचा अगदी पातळ पापुद्रा बसतो. जाड लेपल्याने टिकाऊपणा वाढत नाही, पुसायचे कष्ट मात्र वाढतात. मशीनने लावायचे तर मऊ फिनिशिंग पॅड, सगळ्यात कमी वेग आणि मशीनच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर टेप लावा, नाहीतर पांढरे डाग बसतात. थोड्या वेळाने बोट ओढून पाहा. बोटाखाली स्वच्छ चकाकी दिसली की पुसायला घ्या. वॅक्सने चरा भरत नाही, काटाही अडत नाही. पण पाणी थेंब होऊन ओघळते, चिखल पत्र्याला घट्ट धरत नाही आणि पुढची धुणी कमी घासण्यात, कमी पाण्यात होते. इथे त्याचे मोल तेच आहे.

म्हणून माझे वेळापत्रक सोपे आहे. मेअखेर, पहिल्या सरीआधी, उघडे पत्रे टचअपने बंद करून वॅक्स. पावसाळाभर फांद्यांचे जे ओरखडे पडतील ते पडू द्यावेत. दर ओरखड्यामागे गॅरेज गाठू नये. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला, गाडी नीट धुतली, की पाण्याचे बोट आणि नख घेऊन एक फेरी मारावी. जे उथळ आणि डोळ्यांना फारच खुपणारे आहेत, तेवढ्यांवर सौम्य पॉलिश, मग पुन्हा वॅक्स. दारावरची एखादी रेघ उरेल. ती उरू द्यावी. पुढच्या आषाढात तिच्या शेजारी दुसरी येणारच आहे, आणि ती सोसायला दारावर रंग शिल्लक असायला हवा.